'डूलॅली' : देवळालीच्या तापाचा खरा उगम

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंग्रजीने हिंदुस्थानातून उचललेल्या शब्दांवर आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अलीकडे एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यात 'डूलॅली' या शब्दाच्या वाट्याला तीन-चार ओळी आल्या होत्या आणि त्यांचा आशय असा होता की, नाशिकजवळच्या देवळालीत इंग्रजांनी वेड्यांचे इस्पितळ उघडले होते, तिथल्या रणरणत्या उन्हाने गोऱ्या सोजिरांची डोकी फिरत असत आणि त्यामुळे डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणण्याचा प्रघात पडला. मी देवळाली कॅम्पात वाढलो, पुढे बत्तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले, आणि माझ्या गावाचे नाव इंग्रजी शब्दकोशांत नेऊन बसवणाऱ्या या शब्दाविषयी मला विद्यार्थिदशेपासून आपुलकी आहे. टिपणात शब्दाचा अर्थ बरोबर दिला आहे, पण कारण चुकले आहे. आणि कारण चुकले की ज्या माणसांच्या तोंडी हा शब्द घडला, ती माणसेच त्यातून नाहीशी होतात. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी अर्थाविषयी. ब्रिटनमध्ये हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे. अमेरिकेत तो फारसा कोणी वापरत नाही. 'तो डूलॅली झाला' असे म्हणणाऱ्याला समोरचा माणूस ठार वेडा आहे असे सहसा सुचवायचे नसते. चार दिवस घरात कोंडून राहिल्याने चिडचिडा झालेला मुलगा, वय झाल्यावर नावांची गल्लत करू लागलेली आजी, मध्येच उलटसुलट आकडे दाखवू लागलेले घड्याळ किंवा संगणक, या सगळ्यांना तो लावला जातो, आणि त्यात बहुधा रागापेक्षा जिव्हाळा अधिक असतो. मराठीत त्याला प्रतिशब्द शोधताना 'भ्रमिष्ट' फार जड पडतो, आणि 'चक्रम' हा स्वभाव झाला. 'त्याला चळ लागला' किंवा 'त्याचे डोके जरा सटकले' असे आपण म्हणतो ते त्याच्या सर्वांत जवळचे आहे, कारण इंग्रजीतही हा शब्द बहुतेक वेळा 'जाणे' या अर्थाच्या क्रियापदाबरोबर येतो. कोणी जन्मतः डूलॅली नसतो. चांगला असलेला माणूस एका वेळेला डूलॅली होतो, आणि अनेकदा पुन्हा पूर्ववतही होतो. ही वापरातली खूण लक्षात ठेवावी, कारण शब्दाचा इतिहास तिच्याशी पूर्णपणे जुळतो.

उच्चाराची वाट सोपी आहे. 'देवळाली' या नावातला 'ळ' इंग्रजांच्या जिभेला परका होता, तेव्हा सरकारी कागदांत 'देओलाली' झाले. अधिकाऱ्यांनी निदान लिहिताना मूळ अक्षरांशी इमान राखले. बराकीतल्या शिपायांना मात्र कागदाशी कर्तव्य नव्हते. त्यांनी 'देओ'चा 'डू' केला, मधल्या 'ला'चा 'लॅ' केला, त्यावर जोर दिला, आणि एका गंभीर गावाच्या नावाचे बडबडगीतात शोभेल असे 'डूलॅली' झाले. ज्या नावात आपल्याला देऊळ ऐकू येते, त्यात त्यांना काही तरी घरंगळणारे, तोल गेलेले ऐकू आले असावे, आणि माझ्या मते हा शब्द इतका टिकला त्यात या नादाचा वाटा मोठा आहे. त्याच छावणीचे नाव चार व्यंजनांचे आणि खणखणीत असते, तर तो पलटणींबरोबरच संपला असता.

आता छावणीविषयी. देवळालीची छावणी १८६१ च्या सुमारास उभी राहिली. तिचे स्थान विचारपूर्वक निवडलेले होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा टप्पा १८६५ मध्ये खुला झाला आणि मुंबई बंदर ते देवळाली हा सुमारे १८० किलोमीटरचा प्रवास गाडीने सलग होऊ लागला. विलायतेहून जहाजाने आलेल्या नव्या शिपायांना मुंबईच्या दमट हवेत आणि पटकीच्या साथींत ठेवण्याऐवजी थेट घाटावर आणायचे, तिथे चार दिवस टेकू द्यायचे आणि मग पुढे उत्तरेतल्या किंवा दक्षिणेतल्या पलटणींकडे रवाना करायचे, असा हा बेत होता. परतीची वाटही तीच होती. हिंदुस्थानात ठिकठिकाणी नोकरी करून मुदत संपलेले शिपाई, तसेच मायदेशी पाठवायचे आजारी शिपाई, देवळालीत गोळा होत आणि जहाज लागले की मुंबईला उतरत. देवळाली कॅम्पात आजही 'रेस्ट कॅम्प रोड' या नावाचा रस्ता आहे. रोज त्यावरून जाणाऱ्या किती जणांना ते नाव कुठून आले हे ठाऊक असेल, याची मला शंका वाटते.

येणाऱ्यांचा मुक्काम थोड्या दिवसांचा असे, पण परतणाऱ्यांचा तसा नसे, आणि शब्दाचा उगम याच फरकात आहे. सैन्याची ने-आण करणारी जहाजे साधारणपणे शरद ऋतूपासून मार्चपर्यंतच चालवली जात. आपले कोळी बांधव पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या दर्यात घालत नाहीत, त्याचे कारण वारा आणि लाटा. वाफेच्या जहाजांना ती अडचण तितकीशी नव्हती, परंतु अख्खी पलटण जहाजाच्या पोटात कोंबून भर उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून नेणे म्हणजे अर्धी माणसे आजारी पाडणे, हे लष्कराला समजले होते. मार्चचे शेवटचे जहाज निघून गेले की परतीचे दार सहा-सात महिन्यांसाठी बंद होई. मग ज्या शिपायाची मुदत एप्रिलमध्ये संपे, त्याने काय करायचे? त्याने देवळालीत बसून राहायचे.

त्यातच १८७० च्या भरतीविषयक कायद्याने ब्रिटिश पायदळातील पूर्वीची वीस-एकवीस वर्षांची दीर्घ नोकरी मागे पडली आणि बारा वर्षांची भरती आली. त्यातली पहिली काही वर्षे प्रत्यक्ष पलटणीत आणि उरलेली मायदेशी राखीव दलात. याचा परिणाम असा झाला की, दर वर्षी मुदत संपवून परतणाऱ्यांची संख्या पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली. हे सगळे शिपाई तरुण होते. मनाने ते घरी पोहोचलेले असत, शरीराने मात्र पत्र्याखालच्या बराकीत पडून असत.

या वाट पाहण्याचे वर्णन करणारा साक्षीदार आपल्याकडे आहे. फ्रँक रिचर्ड्स हा रॉयल वेल्श फ्युजिलियर्स पलटणीतला साधा शिपाई विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात नोकरीला होता. त्याच्या १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत देवळालीची हकिकत आली आहे. परतीच्या वाटेवरच्या या शिपायांकडे हत्यारे नसत, नेमून दिलेले काम जवळजवळ नसे, अधूनमधून सामान मांडून दाखवायचे किंवा एखादी लांबची कवायती चाल करून यायची, एवढेच. दिवस खायला उठत. ज्यांच्या नावावर सगळ्या नोकरीत एकही डाग नव्हता, असे शिपाई या शेवटच्या महिन्यांत गुन्हे करून बसत आणि तुरुंगवास भोगून मगच जहाजावर चढत. काही जण गुप्तरोग घेऊन इस्पितळात दाखल होत. अशा एखाद्याकडे पाहून बाकीचे म्हणत, याला 'डूलॅली टॅप' झाला आहे.

आणि आता त्या दुसऱ्या शब्दाकडे वळतो, कारण आपल्या टिपणात तो अजिबात आलेला नाही. मूळ प्रयोग नुसता 'डूलॅली' असा नव्हता, 'डूलॅली टॅप' असा होता. १९२५ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या, सैनिकांच्या आणि खलाशांच्या बोलीचे शब्द नोंदवणाऱ्या कोशातही तो याच जोडरूपात आहे. इंग्रजीत 'टॅप' म्हणजे हलकी टकटक, आणि त्यामुळे ज्यांना मूळ ठाऊक नाही असे कित्येक इंग्रज या शब्दाचा अर्थ 'देवळालीत डोक्यावर बसलेली टपली' असा लावतात. पण हा 'टॅप' आपला 'ताप' आहे. बराकीतली हिंदुस्थानी बोली उर्दूमिश्रित होती, आणि फारसीतून उर्दूत आलेला 'तप' हाही ज्वराचाच वाचक आहे. क्षयाला हिंदी-उर्दूत 'तपेदिक' म्हणतात त्यातला 'तप' तोच. संस्कृतातला 'ताप' आणि फारसीतला 'तप' ही एकाच जुन्या घराण्यातली भावंडे आहेत. 'अमक्याला ताप आलाय' हे वाक्य शिपायाने हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यापासून रोज ऐकलेले असे, कारण हिवतापाने प्रत्येक बराकीत कोणी ना कोणी कुडकुडत पडलेला असे.

'देवळालीचा ताप' या रचनेकडे आपण मराठी वाचकांनी अधिक लक्ष द्यायला हवे, असे मला मनापासून वाटते. त्या काळी साम्राज्यभर फिरणाऱ्या शिपायाला गावाच्या नावाने ओळखले जाणारे आजार नेहमीचे होते. माल्टा बेटावरच्या पलटणींना छळणारा 'माल्टा ताप' होता. त्याचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधून काढला. दिल्लीच्या छावणीत होणारे न भरणारे व्रण 'दिल्ली फोड' म्हणून ओळखले जात. अमुक ठिकाणी गेलास की अमुक दुखणे गाठते, हे ज्ञान शिपाई एकमेकांना देत असत. त्याच साच्यात त्यांनी देवळालीचे दुखणे बसवले. इतर ठिकाणी अंगाला ताप येतो, इथे मनाला येतो, असे ते एकमेकांना सांगत होते. आपल्या भाषेत याच्यासाठी 'मनस्ताप' हा शब्द आधीपासून आहे आणि 'डोक्याला ताप' हा वाक्प्रचार तर रोजचाच आहे. त्या बिचाऱ्यांनी परक्या देशात, परक्या शब्दांच्या तुकड्यांतून, तीच कल्पना नव्याने जुळवली. पुढे 'टॅप' गळून पडला, कारण मायदेशी परतलेल्या शिपायांच्या बायकामुलांना तो कळत नव्हता. उरले फक्त गावाचे नाव, आणि तेच विशेषण झाले.

यावरून वेड्यांच्या इस्पितळाच्या गोष्टीचाही उलगडा होतो. गावाच्या नावावरून वेडाचा निर्देश करायचा तर तिथे वेड्यांचे इस्पितळ असणारच, असे आपण सहज धरून चालतो, कारण आपल्याकडे तशी उदाहरणे आहेत. 'याला येरवड्याला पाठवा', 'ठाण्याला नेऊन सोडा' असे मराठी माणूस चिडून म्हणतो. हिंदी भाषकांच्या तोंडी आग्रा आणि रांची असते. इंग्रजीतही लंडनच्या बेथलेहेम इस्पितळाच्या नावावरून 'बेडलम' हा गोंधळवाचक शब्द आला आहे. परंतु या सर्व उदाहरणांत माणूस वेडा होतो आणि मग त्याला त्या गावी पाठवतात. 'डूलॅली टॅप'मध्ये क्रम उलटा आहे. माणूस धडधाकट अवस्थेत त्या गावी येतो आणि तिथे त्याला ते दुखणे लागते. हा शब्द समजण्यासाठी देवळालीत असे इस्पितळ असण्याची काहीच गरज पडत नाही. ज्या शिपायांचे मन खरोखरच कायमचे बिघडले, त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनजवळ नेटली येथील रॉयल व्हिक्टोरिया इस्पितळात १८७० मध्ये 'डी ब्लॉक' नावाची स्वतंत्र इमारत सुरू झाली होती आणि हिंदुस्थानातून परत पाठवलेले असे सैनिक तिथे ठेवले जात. देवळाली त्यांच्या वाटेवर लागत होती, एवढेच.

राहता राहिले ऊन. या मुद्द्यावर मी देवळालीकर म्हणून थोडा अधिक आग्रही आहे, हे मान्य करतो. आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापते हे खरे, पण संध्याकाळी वारा सुटतो आणि रात्री निवतात. मुंबईच्या पारशी, गुजराती आणि इतर समाजांनी इथे बंगले आणि आरोग्यधामे बांधली ती हवेसाठीच. दम्याची आणि क्षयाची माणसे इथे हवापालटाला येत आणि आजही हवा खायला लोक येतात. शिवाय ज्या शिपायाने मुलतान किंवा अलाहाबाद येथे पाच-सहा उन्हाळे काढले, त्याचे डोके देवळालीच्या उन्हाने फिरावे, हे कोणत्या हिशेबात बसते? एकोणिसाव्या शतकातले लष्करी डॉक्टर शिपायांच्या मनोविकारांचे खापर वारंवार उन्हावर फोडत असत. उन्हाने मेंदूला इजा होते, ही समजूत तेव्हा इतकी पक्की होती की डोक्यावरच्या जाड टोपीशिवाय गोऱ्या शिपायाला बाहेर पडण्याची मुभा नसे. उन्हाला दोष दिला की रिकामेपणाला, दारूला, घरच्या ओढीला आणि जहाजांच्या वेळापत्रकाला दोष द्यावा लागत नाही. शिपायांनी स्वतः घडवलेला शब्द मात्र उन्हाचे नाव घेत नाही. तो त्या छावणीचे नाव घेतो, जिथे त्यांना काहीही न करता थांबवून ठेवले होते.

ते ज्याची वाट पाहत होते, त्यालाही त्यांनी आपल्याच भाषांतून नाव दिले होते, ही गोष्ट मला फार हलवून जाते. 'विलायती'चे 'ब्लायटी' झाले, आणि हा शब्द मायदेशासाठी प्रेमाने वापरला जाऊ लागला. पहिल्या महायुद्धात तर खंदकातल्या शिपायाला घरी पाठवण्याइतपत झालेल्या जखमेलाही 'ब्लायटी' म्हणत. घर आणि घराची वाट पाहताना होणारे दुखणे, हे दोन्ही शब्द त्यांनी इथून नेले. 'देखो'वरून नजर टाकण्याला 'डेको', 'खुशी'वरून आरामाच्या कामाला 'कुशी', 'बाप रे'वरून गोंगाटाला 'बॉबरी', असे त्यांच्या बोलीतले इतर शब्दही आहेत, आणि त्यांतले पहिले दोन अजून ऐकू येतात. महाराष्ट्राच्या मातीतले म्हणून सांगायचे तर 'मुंगूस' मराठीतून इंग्रजीत गेले, आणि 'डंगरी' या जाड्याभरड्या कापडाचे नाते मुंबईच्या डोंगरीशी जोडले जाते. परंतु मनाच्या अवस्थेचे वर्णन करणारा आपल्याकडचा शब्द म्हणून 'डूलॅली'ची जागा वेगळी आहे.

पलटणी १९४७ नंतर निघून गेल्या, पण शब्द निघून गेला नाही. दुसऱ्या महायुद्धात देवळालीच्या छावणीतून पुन्हा मोठ्या संख्येने शिपाई आले-गेले आणि त्यांच्या पिढीने तो ब्रिटनच्या घराघरांत नेला. बीबीसीवर १९७४ ते १९८१ या काळात देवळालीतल्या सैनिकांच्या करमणूक पथकावरची एक विनोदी मालिका चालली. तिच्या दोन लेखकांपैकी एक जण महायुद्धात स्वतः देवळालीत अशा पथकात होता. त्या मालिकेत एका गोऱ्या नटाने तोंडाला रंग लावून भारतीय माणसाची भूमिका केली, त्यावर पुढे योग्य अशी टीका झाली. आपल्याकडच्या तरुण वाचकांना हा शब्द पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या आणि नंतर मुंबईत शाखा काढलेल्या बिअरगृहाचे नाव म्हणून ठाऊक असतो. तिथे त्याच्या पुढे 'टॅपरूम' हा शब्द लागतो. त्यातला 'टॅप' नळाचा आहे; पण 'डूलॅली'पाठोपाठ 'टॅप' आला की मला मात्र जुना ताप ऐकू येतो.

माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडमध्ये नोकरी करतो. गावाचे नाव सांगितल्यावर सहकारी हसले, आणि काय उत्तर द्यावे हे न सुचून तो पुढे 'नाशिक' एवढेच सांगू लागला, असे त्याने मला दूरध्वनीवर सांगितले तेव्हा मला वाईट वाटले. मी त्याला वर लिहिलेली हकिकत सांगितली. पुढच्या वेळी त्याने ती हसणाऱ्यांना सांगितली, आणि त्यांच्यातल्या एकाचे पणजोबा हिंदुस्थानात शिपाई होते असे निघाले. आपल्याच बोलण्यातल्या शब्दात आपल्या पणजोबांचा एक रिकामा उन्हाळा आहे, हे त्या गृहस्थांना त्या दिवशी प्रथमच कळले.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. पहिली, पुरवणीतल्या टिपणाची दुरुस्ती चार ओळींत का होईना, पण प्रसिद्ध करावी. शाळकरी मुले अशी टिपणे कात्रण करून वहीत चिकटवतात आणि मग चूक पन्नास वर्षे टिकते. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. शब्दाची हकिकत आतापर्यंत फक्त सोजिरांच्या बाजूने नोंदली गेली आहे. देवळाली कॅम्प, भगूर, देवळाली गाव आणि नाशिक रोड या भागांत अशी घरे आहेत, ज्यांचे आजोबा-पणजोबा छावणीत धोबी, खानसामे, बेकरीवाले, शिंपी, टांगेवाले किंवा इस्पितळातले वॉर्डबॉय होते. ज्यांचे कपडे त्यांनी धुतले आणि ज्यांना संध्याकाळी टांग्यातून बराकीत आणून सोडले, त्या शिपायांबद्दल ते घरी काय बोलत असत, त्यांना कोणत्या नावाने ओळखत असत, याच्या आठवणी त्या घरांतल्या वृद्धांपाशी अजून असतील. आपल्या दैनिकाने त्या मागवाव्यात आणि नोंदवून ठेवाव्यात. त्या गोळा करण्याचे, तपासण्याचे आणि नीट लिहून काढण्याचे काम करायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक
देवळाली कॅम्प, जि. नाशिक